पगारातून कापलेले १३५ रुपये

प्रति,
पिंपरी, चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकण पट्ट्यातील लघुउद्योजक व मजूर पुरवणारे ठेकेदार यांस



१८,००० रुपये पगाराच्या ऑपरेटरकडून तुम्ही दर महिन्याला ईएसआयपोटी, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यापोटी, १३५ रुपये कापता. त्यात स्वतःचे ५८५ रुपये घालायचे आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत ७२० रुपयांचे चलन भरायचे, एवढाच हा व्यवहार आहे. कामगाराचा वाटा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के. १ जुलै २०१९ पासून हेच दर आहेत; त्याआधी मालकाला पावणेपाच टक्के भरावे लागत. ओझे कमी होऊन इतकी वर्षे झाली, तरी आपल्या पट्ट्यात हे चलन वेळेवर भरायची आणि मुळात माणसाचे नाव नोंदवायचीच टाळाटाळ चालू आहे. म्हणून हे पत्र.

मी थेरगावात राहते. तुमच्यासारख्यांचीच पगारपत्रके, पीएफ-ईएसआयची चलने आणि विवरणपत्रे करणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. पार्टीकडून पेमेंट अडकलेले असते, मशीनच्या कर्जाचा हप्ता तोंडावर असतो, पत्र्याचा भाव वाढलेला असतो आणि जॉब वर्कचा दर मात्र तीन वर्षांपूर्वीचाच असतो, हे सगळे मी तुमच्या वह्यांमध्ये पाहते. तुमच्यातले बरेच जण स्वतः कधीकाळी मोठ्या कंपनीत टूलरूमला किंवा लेथवर काम करून, थोडे पैसे साठवून शेड घेऊन उभे राहिलेले आहेत. कामगाराचे दुखणे तुम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. तरीही सांगते, कारण महिनाअखेरीच्या धावपळीत हे १३५ रुपये कशासाठी कापले जातात याचाच विसर पडतो.

सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत जखमी होणाऱ्या कामगारांवर ‘क्रश्ड’ नावाने अहवाल काढते आहे. सुरुवात हरियाणातल्या गुडगाव-मानेसर पट्ट्यापासून झाली. सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत, मुख्यतः पॉवर प्रेसवर, बोटे तुटतात. आणि बहुतेक जखमींना ईएसआयचे ओळखपत्र मिळते ते अपघात झाल्यानंतर, हे त्या अहवालांनी समोर आणले. हे वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही. आमच्या कामात सकाळी दहाच्या सुमारास असा फोन येतो: ‘मॅडम, एका पोराचं कार्ड आजच्या आज काढायचंय, आधार नंबर पाठवतो.’ नोकरीला लागून त्याला सात-आठ महिने झालेले असतात. पगार हातात मिळत असतो. कार्ड आजच का हवे, हे विचारावे लागत नाही.

आता हिशेब करू, कारण तुम्हाला हिशेब कळतो. समजा १८,००० रुपये पगाराच्या मुलाची तर्जनी प्रेसमध्ये पूर्ण गेली. त्याचे नाव वेळेवर नोंदलेले असेल, तर कामावर येता येत नाही तितके दिवस त्याला रोजच्या मजुरीच्या ९० टक्के, म्हणजे दिवसाला साधारण ५४० रुपये कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून मिळतात. उपचाराचा खर्च महामंडळाचा. पुढे वैद्यकीय मंडळ त्याच्या कमावण्याच्या क्षमतेची हानी ठरवते. कायद्याच्या परिशिष्टात तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के आणि अंगठा गेला तर ३० टक्के हानी धरली आहे. १४ टक्क्यांप्रमाणे त्या मुलाला महिन्याला साधारण २,२७० रुपये मिळत राहतात, तेही आयुष्यभर. तो गावी परत गेला, दुसरीकडे कामाला लागला, तरीही. कामाच्या जागी अपघात झाला तर आधी किती महिने वर्गणी भरली हे विचारले जात नाही. पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क तोच. आणि दुर्दैवाने माणूस गेला, तर त्याची बायको, मुले आणि इतर आश्रितांना मजुरीच्या ९० टक्के दराने निवृत्तिवेतन मिळते.

नाव नोंदलेले नसेल तर? मग पूर्वी १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात असलेले भरपाईचे सूत्र तुमच्या दारात येऊन उभे राहू शकते. मृत्यू झाल्यास मजुरीच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. जानेवारी २०२० पासून या हिशेबासाठी मजुरी १५,००० रुपयांपर्यंत धरली जाते. २५ वर्षांच्या मुलासाठी गुणक २१६.९१ आहे. साडेसात हजार गुणिले २१६.९१ म्हणजे १६,२६,८२५ रुपये. ईएसआयमध्ये नोंदलेल्या कामगाराच्या बाबतीत ही जबाबदारी महामंडळ उचलते आणि मालक मोकळा होतो. कायद्याने तसे स्पष्ट लिहून ठेवले आहे. महिन्याला ५८५ रुपये वाचवण्यासाठी आपण केवढी जोखीम डोक्यावर घेऊन शेड चालवतो, याचा विचार रात्री शांतपणे करा.

हे तुमच्या नफा-तोट्याचे झाले. मला खरे बोलायचे आहे ते त्या मुलाबद्दल. थेरगाव, काळेवाडी, रहाटणीतल्या खोल्यांमधून चार-चार, पाच-पाच जण एकत्र राहतात. लातूर, नांदेड, बीड, यवतमाळकडची मुले, आणि आता बिहार-ओडिशाचीही. भल्या सकाळी ती डांगे चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभी असतात. याच थेरगावात आदित्य बिर्ला रुग्णालयासारखे मोठे खासगी रुग्णालय आहे, महापालिकेचे रुग्णालय आहे. ईएसआयचे रुग्णालय चिंचवडला मोहननगरमध्ये आहे. उपचाराची सोय या शहरात नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. पण बोट तुटलेल्या मुलाला त्या तीनपैकी कोणत्या दारातून आत जाता येईल आणि बाहेर येताना त्याच्या घरावर किती कर्ज असेल, हे तुमच्या ऑफिसातल्या एका अर्जावर ठरते. तो अर्ज ऑनलाइन भरायला अर्धा तास पुरतो.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे ना, असे मला कुणी म्हणते. आहे, आणि अनेकांना तिचा आधार झाला आहे. पण त्या योजनेत बुडालेली रोजी भरून मिळत नाही. ईएसआयमध्ये आजारपणातही वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के मिळतात. क्षय, कर्करोग अशा ठरावीक दीर्घ आजारांत ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण पगार. रुग्णालयाचे बिल आणि चूल अशा दोन्ही गोष्टी सांभाळणारी, एवढ्या कमी वर्गणीची दुसरी व्यवस्था आपल्या देशात कामगारासाठी नाही.

आता टाळाटाळीकडे येते. सगळ्यात जुनी युक्ती हजेरीपटाची. कारखान्यात दहा माणसे झाली की कायदा लागू, म्हणून हजेरीपट नऊवर थांबवायचा. दहावा ‘घरचा’, अकरावा ‘शिकाऊ’, बारावा ठेकेदाराचा. पण मोजणीत ठेकेदाराचा माणूसही धरला जातो, ऑफिसातला क्लार्कही धरला जातो आणि एकदा कायदा लागू झाला की पुढे माणसे कमी झाली तरी तो सुटत नाही. ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची आहे. ती त्याने ठेकेदाराच्या बिलातून नंतर वसूल करायची. ‘ते लेबर काँट्रॅक्टरकडे आहे’ हे वाक्य मी आजवर फार ऐकले आहे. कायद्यात त्याला आधार नाही.

ठेकेदारांनो, तुम्हालाही एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. मुलाला ‘सीटीसी’ सांगून मालकाचा सव्वातीन टक्क्यांचा वाटाही त्याच्याच पगारातून कापायचा, हा प्रकार चाकणकडे सर्रास चालतो. मालकाचा वाटा कामगाराकडून कोणत्याही रूपात वसूल करायला कायद्यात सरळ मनाई आहे. पगारचिठ्ठी देत नाही म्हणून तो कापलेला दिसत नाही, एवढेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. १९४८ च्या राज्य विमा कायद्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे आणि प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. कागद द्यावाच लागणार आहे, तर खरा कागद द्या.

८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि अनेक महिला कामगारांचा होरपळून मृत्यू झाला. तो कारखाना विनापरवाना चालत होता, हे नंतर सगळ्यांना कळले. ज्या जागेचीच कुठे नोंद नसते, तिथे काम करणाऱ्या बाईची नोंद कुठून असणार? आजूबाजूच्या शेडवाल्यांना असे कारखाने माहीत असतात. आपल्यातले जे सगळे नियम पाळून धंदा करतात, त्यांच्या दराला हेच कारखाने खाली ओढतात. त्यांच्याबद्दल गप्प बसण्यात आपला काहीही फायदा नाही.

दुसरा मुद्दा कापून घेतलेल्या पैशाचा, आणि इथे कर येतो.

पगारातून कापलेले १३५ रुपये तुमच्या खात्यात असले तरी तुमचे नाहीत. राज्य विमा कायद्याने ही रक्कम कामगाराने मालकाकडे विश्वासाने सोपवलेली मानली आहे. भारतीय दंड विधानाच्या कलम ४०५ मध्ये १९७५ साली खास स्पष्टीकरण घालून, ती न भरणे म्हणजे फौजदारी विश्वासघात असे ठरवले गेले. नव्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. कापून न भरल्यास किमान एक वर्षाची कैद सांगितली आहे. उशिरा भरल्यास वर्षाला १२ टक्के व्याज. हे बहुतेकांना ठाऊक असते. पण १२ टक्के व्याजाकडे बँकेच्या ओव्हरड्राफ्टइतकाच दर म्हणून पाहिले जाते, आणि महिना-दोन महिने चलन पुढे ढकलणे हा खेळत्या भांडवलाचा भाग होऊन बसतो.

१२ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चेकमेट सर्व्हिसेस या कंपनीच्या खटल्यात निकाल दिला. कामगाराच्या पगारातून कापलेली पीएफ किंवा ईएसआयची रक्कम त्या त्या कायद्याच्या मुदतीत भरली नाही, तर ती मालकाचे उत्पन्न धरली जाईल आणि नंतर भरली तरी खर्च म्हणून वजावट मिळणार नाही. मालकाच्या स्वतःच्या वाट्याला विवरणपत्राच्या तारखेपर्यंत सवलत होती. कामगाराच्या वाट्याला नव्हती. दोन्हींत फरक का, याचे न्यायालयाने दिलेले कारण मला फार मोलाचे वाटते: एक पैसा मालकाचा आहे आणि दुसरा त्याच्याकडे दुसऱ्याचा म्हणून आलेला आहे.

दहा कामगार, प्रत्येकी १८,००० पगार, आणि वर्षभर प्रत्येक चलन पाच-सहा दिवस उशिरा. ईएसआयचा कामगारांचा वाटा वर्षाला १६,२०० रुपये. पीएफचा, १५,००० रुपयांवर १२ टक्के धरला तरी, २,१६,००० रुपये. या निकालाप्रमाणे एकूण २,३२,२०० रुपये तुमच्या उत्पन्नात मिळवले जातात. भागीदारी संस्थेला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे साधारण ७२,४५० रुपये. व्याज आणि दंड वेगळेच. पाच दिवसांसाठी वापरलेल्या पैशाची ही किंमत. निकाल १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याखालचा आहे. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यातले वजावटीच्या मुदतीचे नियम आपल्या सीएकडून नीट समजून घ्या. पण कराच्या कायद्यात सूट मिळाली तरी कामगाराच्या ईएसआयची १५ तारीख पुढे जात नाही. चलन थकले की त्याची वर्गणी नोंदलेली दिसत नाही, आजारपणाच्या पैशासाठी लागणारे सहामाहीतले ७८ दिवस भरत नाहीत, आणि दवाखान्याच्या खिडकीवर त्याला परत पाठवले जाते. खिडकीपलीकडच्या माणसाला तुमचे पेमेंट कुठे अडकले हे माहीत नसते.

पेमेंट अडकते, हे खरेच आहे. त्यासाठीच तुमच्या संघटना वर्षानुवर्षे झगडल्या. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे ठरले, तरी मोठ्या कंपन्या जुमानत नव्हत्या. शेवटी २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकराच्या कलम ४३ब मध्ये नवा खंड आला: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी वजावट नाही. तेव्हा तुम्ही किती समाधानाने तो बदल मला वाचून दाखवला होता! आमचा माल घेतला, आमचे पैसे वापरले, तर किंमत मोजा, हे तुमचे म्हणणे शंभर टक्के रास्त होते. कलम ४३ब मधला तो खंड आणि चेकमेटचा निकाल यांच्यामागे एकच न्याय आहे. पहिला तुमच्या बाजूने मागायचा आणि दुसरा कामगाराच्या बाजूने आला की पळवाट शोधायची, हे आपल्याला शोभत नाही.

‘कामगारालाच ईएसआय नको असतो’, हे तुमचे आणखी एक म्हणणे. यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. गावी पैसे पाठवायचे असतात, १३५ रुपयेही त्याला दिसतात. दवाखान्यातली रांग, औषधांचा तुटवडा, मोठ्या रुग्णालयाकडे पाठवण्याची चिठ्ठी मिळवताना होणारी दमछाक या राज्य विमा योजनेबद्दलच्या तक्रारी खऱ्या आहेत. चाकणच्या माणसाला मोहननगरला यायचे तर मोशी-भोसरीची वाहतूक पार करावी लागते. तापाने फणफणलेल्या माणसाला ते झेपत नाही. पण ज्या व्यवस्थेत पट्ट्यातले कितीतरी कारखाने आपली माणसे नोंदवतच नाहीत, तिथे जास्त दवाखाने मागायचे कोणत्या आकड्यांच्या जोरावर? विमेदार जितके नोंदले जातात, तितक्यांसाठीच सोयी आखल्या जातात. शिवाय कामगाराला नको म्हणून मालकाला सूट मिळत नाही. हा कामगाराने सोडून द्यायचा हक्कच नाही. त्याला नीट सांगा. गावाकडे राहणाऱ्या बायको-मुलांना, आई-वडिलांना तिथल्या ईएसआय दवाखान्यात उपचार घेता येतात, हे किती जणांना माहीत आहे?

ही योजना वर्गणीची का केली, हेही एकदा आठवावे. मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल तयार करण्याचे काम सोपवले गेले आणि १५ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांनी तो दिला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्या अहवालाच्या पायावर १९४८ चा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंनी कानपूरला योजनेचे उद्घाटन केले. कामगाराने स्वतःचा वाटा भरला की रुग्णालयाच्या दारात तो मालकाच्या किंवा सरकारच्या मेहेरबानीवर उभा राहत नाही, हक्काने उभा राहतो. माझ्या मते त्या पाऊण टक्क्याचा खरा अर्थ हाच आहे. त्याचा वाटा कापून घेऊन न भरणे म्हणजे त्याने विकत घेतलेला हक्क काढून घेणे.

आता एक गोष्ट, जिच्याकडे चांगल्या मालकांचेही लक्ष नसते. ईएसआयची पगारमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपयांवर अडकली आहे. तेव्हा आपल्या पट्ट्यात २१,००० हा सुपरवायझरचा पगार होता. आज चार-पाच वर्षे काम केलेला सीएनसी ऑपरेटर तिथे पोचतो. हजार रुपयांची वाढ मिळते आणि त्याच वाढीने त्याच्या सगळ्या कुटुंबाचे संरक्षण जाते. २०,५०० वरून २१,५०० वर गेलेल्या माणसाला पेढे वाटावेत की काळजी करावी, असा प्रश्न आहे.

इथे मालकाला बरेच काही करता येते. वर्गणीचे दोन कालखंड आहेत: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कालखंड सुरू झाल्यावर पगार मर्यादेपलीकडे गेला, तर तो संपेपर्यंत माणूस ईएसआयमध्येच राहतो. म्हणजे पगारवाढ १ एप्रिलपासून दिली तर तो त्याच दिवशी बाहेर. १ मेपासून दिली तर ३० सप्टेंबरपर्यंत आत. एका महिन्याच्या फरकाचे पैसे त्याला बक्षीस म्हणून द्या, पण तारीख विचार करून ठरवा. बाहेर पडल्यावरही लाभ लगेच तुटत नाहीत: मार्चअखेर संपलेल्या वर्गणीचे लाभ त्या वर्षीच्या डिसेंबरअखेरपर्यंत चालतात. या मधल्या महिन्यांत त्याच्यासाठी गट आरोग्य विमा घेणे हे मालकाचे काम आहे. ओव्हरटाइमचेही लक्षात ठेवा: २१,००० च्या मर्यादेत ओव्हरटाइम मोजायचा नाही. ओव्हरटाइम मिळवून माणसाला मर्यादेबाहेर दाखवणारी पगारपत्रके मी पाहिली आहेत. ती चुकीची आहेत.

गट विम्यावरच्या कराबद्दल गैरसमज फार आहेत. हप्ता रोखीने न भरता बँकेतून भरला, तर तो धंद्याचा खर्च म्हणून पूर्ण वजा होतो. कामगाराच्या हातात तो करपात्र लाभ धरला जात नाही. त्याऐवजी पगारात रोख ‘मेडिकल अलाउन्स’ दिला, तर तो साधा पगारच ठरतो. तो खर्च होऊन जातो आणि रुग्णालयात भरती व्हायच्या दिवशी हातात काहीच नसते. जीएसटीचे मात्र दुखणे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी माफ झाला. गट विम्यावरचा १८ टक्के तसाच राहिला. शिवाय कोणत्याही कायद्याने बंधनकारक नसेल तर त्या जीएसटीचे क्रेडिट मालकाला घेता येत नाही. जो छोटा कारखानदार कायद्याने सांगितलेले नसताना आपल्या पंधरा माणसांचा विमा उतरवतो, त्याच्याकडूनच हा कर घ्यायचा, हे अन्यायाचे आहे. यासाठी दिल्लीला निवेदने द्या, जोरात द्या. २१,००० ची मर्यादा वाढवण्याची मागणीही कामगार संघटनांच्या खांद्याला खांदा लावून करा. मर्यादा वाढली तर तुमचा सव्वातीन टक्क्यांचा खर्च थोडा वाढेल हे मला माहीत आहे. गट विम्याचा हप्ता, त्यावरचा जीएसटी आणि त्यात न मिळणारी बुडालेली रोजी यांच्याशी ताडून पाहिले, तर ईएसआय स्वस्तच पडेल.

चाकणच्या मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागांनाही या पत्राच्या निमित्ताने विचारायचे आहे. पुरवठादाराकडे ऑडिटला येता तेव्हा तुम्ही गेज तपासता, कॅलिब्रेशनच्या तारखा तपासता, लाल खोक्यातला रिजेक्टेड माल मोजता. त्याच दिवशी शॉपफ्लोअरवरच्या माणसांची डोकी मोजा आणि मागच्या महिन्याच्या ईएसआय चलनावरच्या नावांशी ताडून पाहा. तुम्ही देता त्या दरात सव्वातीन टक्के बसतात की नाही, हेही प्रामाणिकपणे पाहा. तुमच्या दराच्या घासाघिशीत सगळ्यात आधी हेच ५८५ रुपये गळतात.

मागे राहिलेल्यांसाठी दार अजून बंद झालेले नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने १ जुलै २०२५ पासून ‘स्प्री’ ही नोंदणी योजना राबवली. त्यात स्वतःहून पुढे आलेल्या मालकांकडून मागची थकबाकी मागायची नाही असे ठरले होते. पट्ट्यातल्या काही जणांनी तिचा फायदा घेतला, पुष्कळांनी घेतला नाही. अशा सवलती येतात आणि जातात. नोंदणी मात्र कोणत्याही दिवशी करता येते.

उद्या सकाळची शिफ्ट सुरू होईल तेव्हा हजेरीपट आणि ईएसआयची यादी शेजारी ठेवून एकदा नावे ताडून पाहा. जे नाव यादीत नाही, त्या माणसाला मशीनवर उभे करण्याआधी ऑफिसात बोलवा, त्याचे आधार कार्ड घ्या आणि नोंदणी करा. दर महिन्याचे चलन पगाराच्याच दिवशी भरा, १५ तारखेची वाट पाहू नका. आणि येत्या एप्रिलमध्ये कोण २१,००० ओलांडणार आहे, त्यांची नावे आत्ताच कागदावर लिहून विमा कंपनीकडे चौकशी करा.

आपली,
थेरगावातील एक पगारपत्रक सल्लागार